साडूभाऊंची मोजणी

ज्या माणसाची मोजणी उभ्या आयुष्यात एकदाही चुकली नाही, त्याला मी सगळ्या गावादेखत मोजणी चुकलेला ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी त्यांच्या गमती सांगत सुटेन, तुम्ही हसाल, मीही हसेन, आणि त्या हसण्यात माझी चूक मागे राहून जाईल. इतकी वर्षं ती तशीच तर मागे राहिली. तो माणूस म्हणजे आमचे मोठे साडूभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पैनगंगेच्या पुरातून आमच्या गावात जितकी माणसं जिवंत बाहेर आली, त्यातल्या प्रत्येकाला बाहेर काढण्यात त्यांचा हात होता, आणि तरीही त्यांचं धोतर कधी घोट्याच्या वर भिजलं नव्हतं. त्यांना पोहता येत नव्हतं. नावेत ते कधी बसले नव्हते. काठावर उभं राहून नदीला जिंकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी टोकाला आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. शेतं दोन्हीकडे, लेकी दोन्हीकडे दिलेल्या, त्यामुळे नदी कितीही फुगली तरी कोणाला ना कोणाला पलीकडे जायचंच असायचं. ऐंशीच्या सुमाराला एका मोठ्या पुरानंतर कचेरीतून गावाला एक लाकडी नाव मिळाली. ती चालवायला गंगाराम भोई आणि त्याचे दोन भाऊ होतेच. पुराच्या वेळी मदतीला कोण कोण येणार, म्हणून चावडीवर गाव जमलं, तेव्हा नावेत बसायला पंचवीस जण तयार झाले. साडूभाऊ तोवर गप्प होते. मग उठून म्हणाले, "नावेत बसाले कोनीबी बसते. काठावर कोन उभं राहीन?" कोणी हात वर केला नाही. काठावर उभं राहण्यात कसली आली मर्दुमकी! मग त्यांनी स्वतःच एकेकाचं नाव घेऊन माणसं निवडली. दोर सोडायला चार, दोर ओढायला सहा, जाळ करायला, चहा करायला, गोधड्या आणि सुकी लुगडी-धोतरं घेऊन उभं राहायला बायका. या सगळ्यांना गाव काठमंडळी म्हणायचं. पगार नाही, मानपत्र नाही; पूर आला की हातातलं काम टाकून घाटावर हजर व्हायचं, एवढंच. मी या गावात कापडाचं दुकान टाकलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. दुकानाच्या फळ्या लागायच्या आत त्यांनी मला दोर ओढणाऱ्यांत टाकलं होतं. "कापड फाडता ना तुमी? मंग मनगटात जोर असनच," असा त्यांचा हिशेब.

त्यांचा धंदा भाजीपाल्याचा. नदीकाठच्या मळ्यात वांगी, मिरच्या, कोथिंबीर काढून आदिलाबादच्या बाजारात न्यायचे. पण वांग्यांवर त्यांचं जेवढं लक्ष होतं, त्याच्या दसपट दोरावर होतं. नावेला बांधायचा तो दोर अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. काठावरच्या करंजाच्या बुंध्याला त्याचे दोन वेढे द्यायचे आणि नाव जाईल तसा तो सैल सोडत जायचा. या दोराने करंजाला इतके खोल वळ पडले होते की झाडाने कमरपट्टा घातल्यासारखा दिसायचा. पावसाळा संपला की साडूभाऊ दोर धुऊन, सुकवून, त्याचा पीळन्‌पीळ तपासून घराच्या माजघरात आढ्याला टांगून ठेवत. उंदरांनी तो कुरतडू नये म्हणून त्यांनी मांजर पाळली होती आणि तिला दूध मोजून देत, कारण पोट भरलं की मांजर कामचुकार होते. घरात पाहुणे आले तरी पंखा दोराकडे वळवलेला असायचा. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "याइचं लगन माह्याशी नाई लागलं बाई. दोराशी लागलं. मी आपली करवली." साडूभाऊ यावर रागवत नसत. शांतपणे म्हणत, "करवली बरी हाय. सैल सोडली तरी तुटत नाई."

त्यांच्या मुलीला पाहायला पलीकडच्या गावचा मुलगा आला, तेव्हाची गोष्ट. मुलगा बी. कॉम. झालेला, केसांचा भांग पाडून आलेला. पोहे झाले, मुलीला दोन प्रश्न विचारून झाले. साडूभाऊंनी आतून हातभर बारीक दोर आणला, मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "गाठ मारून दाखवा." मुलाने बुटाच्या नाडीची फुलगाठ मारली. साडूभाऊंनी तिला एक बोट लावलं, ती सुटली. मुलाचा बाप खाकरला. आतून अक्काचा आवाज आला, "पोरगी नदीत सोडून राह्यले का संसारात?" शेवटी मुलगीच चौकटीतून पुढे आली, त्याच्या हातातून दोर घेतला, एकदा गाठ मारून दाखवली आणि परत दिला. दुसऱ्या खेपेला त्याला जमली. लग्न ठरलं. जावई आजही कुठलीही गाठ मारली की ओढून बघतो. आदिलाबादला बँकेत कागदाचे गठ्ठे बांधतानासुद्धा, असं ऐकलं.

पण खरी मजा वैशाखात. तेव्हा नदीत पाणी नसतं. नुसती वाळू आणि मध्येच एखादं डबकं, ज्यात म्हशी बसलेल्या. साडूभाऊंना पूर आल्यावर शिकवणं मान्य नव्हतं. "बाई फुगल्यावर शिकाले वेळ देत नसते," असं ते नदीबद्दल बोलत. म्हणून दर वैशाखात एका सकाळी नाव वाळूवर ओढून नेऊन तालीम व्हायची. गंगाराम आणि भाऊ कोरड्या नावेत बसून हवेत वल्ही मारायचे, आम्ही करंजापाशी दोर धरून उभे, आणि साडूभाऊ दगडावर चढून ओरडायचे, "समजा पानी गळ्यापर्यंत हाय! समजा धार डावीकडून हाय!" वरच्या रस्त्यावरून जाणारी बस थांबायची आणि लोक खिडक्यांतून पाहायचे, की हे गाव वाळूत नाव का चालवतंय. एकदा गंगारामचा मधला भाऊ कंटाळून नावेतून उतरला आणि बाजूला जाऊन विडी पेटवू लागला. साडूभाऊंनी आभाळ फाटल्यासारखी आरोळी ठोकली, "बुडाला! बुडाला!" कोणाला हसायची परवानगी नव्हती. त्याच्याकडे दोर फेकला गेला, त्याला आडवा व्हायला लावलं, तापल्या वाळूतून काठापर्यंत ओढत आणलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि वरून उकळता चहा पाजला. घामाने निथळत तो म्हणाला, "भाऊ, पान्यात वाचलो असतो. गोधडीत मराले झालो." साडूभाऊ म्हणाले, "बुडेल मानसानं बोलाचं नसते."

आणि त्यांची चपलांची पद्धत. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. करंजाखाली एक सपाट काळा दगड होता. नावेत चढणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गंगाराम असो की सरपंच, आपल्या चपला त्या दगडावर काढून ठेवायच्या, अंगठे नदीकडे करून. परत आल्यावर दगडापाशी येऊन त्या पायात घालायच्या आणि साडूभाऊंना पाय दाखवायचा. ज्याच्याकडे चप्पल नाही त्याने विळा ठेवावा, रुमाल ठेवावा. दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावायचा नाही. नाव रिकामी झाली आणि दगडही रिकामा झाला, म्हणजे सगळे आले. दगडावर जोड उरला, म्हणजे माणूस पाण्यात. "मानूस खोटं बोलते, चप्पल बोलत नाई," हे त्यांचं वाक्य. पुराच्या गोंधळात, पावसात, बायकापोरांच्या रडारडीत कोण आलं आणि कोण नाही हे डोळ्यांना कळत नाही, दगडाला कळतं. एकदा कचेरीतले एक साहेब पाहणी करायला आले. पायात नाडीचे बूट. साडूभाऊंनी हात जोडून दगडाकडे बोट दाखवलं. साहेब चिडले, "ये क्या तमाशा है?" साडूभाऊ म्हणाले, "तमाशा नई हुजूर, हाजरी है. आप बुडे तो मेरेकू मालूम होना." साहेब पाच मिनिटं वाकून नाड्या सोडत बसले. दुसऱ्या एका वर्षी गंगारामची एक चप्पल कुत्र्याने पळवली. दगडावर एकच चप्पल उरली आणि तिचा धनी तर समोर धडधाकट उभा. पण साडूभाऊ ऐकेनात. "अर्धा गंगाराम नदीत हाय," म्हणाले. कुत्र्याच्या तोंडात दुसरी चप्पल सापडेपर्यंत त्यांनी कोणाला घरी जाऊ दिलं नाही.

ही पद्धत मला पाठ होती. म्हणूनच पुढचं सांगताना मला आजही अवघडतं.

नव्वदीनंतरचं एक साल. पोळा आठ दिवसांवर आला होता. नदीच्या मध्यावर एक बेट आहे, त्यावर कपाशी असते. सकाळी अकरा बाया नावेतून तिथे तण निंदायला गेल्या. त्यांच्या चपला दगडावर. दुपारनंतर वरून पाणी आलं. कुठेतरी डोंगरात पाऊस झाला असावा, कारण बघता बघता नदी लाल झाली आणि बेटाच्या कडा ढासळायला लागल्या. घाटावर इशाऱ्याचं भांडं वाजलं, काठमंडळी धावली. बायांना उचलून नावेत घ्यायला एक जास्तीचा माणूस हवा होता. गंगारामच्या दोन्ही भावांना वल्ही सोडता येत नव्हती. साडूभाऊ मला म्हणाले, "साडभाऊ, तुमी जा." मी चपला काढल्या. टायरच्या तळाच्या, लाल पट्ट्याच्या, अख्ख्या गावात तशा एकच. पहिल्या खेपेत सहा बाया आणल्या, दुसऱ्या खेपेत पाच. तोवर धो धो पाऊस सुरू झाला होता. नाव काठाला लागली तेव्हा माणसांचा एकच गलका उडाला. कोणाची सासू, कोणाची लेक, प्रत्येक बाईला चार-चार जण मिठी मारायला आलेले. आणि मला त्या सगळ्यात आठवत होतं ते माझं दुकान. आमची गल्ली सखल, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. पोळ्यासाठी आणलेले नवे कापडाचे गठ्ठे जमिनीवर होते.

काठमंडळीत नियम होता, दोर गुंडाळून होईपर्यंत कोणी जायचं नाही. दगडाकडे गेलो तर साडूभाऊ दिसणार, आणि दिसले की मला दोराला जुंपणार. मी बायांच्या मागून, नावेच्या शेपटाकडून उतरलो, एरंडीच्या झुडपांतून वर चढलो आणि अनवाणी घरी निघून आलो. चपला मी विसरलो नाही. मुद्दाम ठेवल्या. मला वाटलं, चपला दिसल्या की सगळे समजतील, इथेच कुठेतरी आहे. दुकानदाराचं डोकं ते. गादीवर बसायला गिऱ्हाईक चपला दारात काढतं. दारात चप्पल म्हणजे माणूस आत, हेच रोज पाहिलेलं. दगडावरच्या चपलेचा अर्थ बरोबर उलटा असतो, हे मी त्या क्षणी, पाठ असूनही, डोक्याबाहेर टाकलं. घरी येऊन गठ्ठे फळीवर चढवले. ओला सदरा काढून सुका घातला. स्टोव्ह पेटवून चहा केला आणि बशीत ओतला.

घाटावर काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. चौदा जोड पायात गेले. गंगाराम, त्याचे दोन भाऊ, अकराही बाया. एक जोड उरला. लाल पट्टा बघून कोणाला विचारायची गरज नव्हती. माझी बायको तिथेच जाळापाशी उभी होती, बायांच्या अंगावर गोधड्या टाकत. ती म्हणाली, "इथंच असतीन." हाका मारल्या. उत्तर नाही. गंगाराम म्हणाला, "काठाच्या जवळ आलो तवा मांगं बसून होते. मंग मी पाह्यलंच नाई." नाव काठाला आदळली होती, त्या हिसक्यात माणूस पडला असेल तर? नदीत आता झाडं वाहून येत होती. गंगारामचे तळहात सोलून निघाले होते, तरी तो म्हणाला, "मी जातो, पन बघाले अन् उचलाले एक जन पायजे." मोठमोठे गडी पाण्याकडे पाहत उभे राहिले. तेव्हा साडूभाऊंनी हातातला दोर अक्काच्या हातात दिला, म्हणाले, "सोडू नको," चपला काढून दगडावर माझ्या चपलांच्या शेजारी ठेवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसले.

अक्काने एका म्हाताऱ्या शेजारणीला गोधड्या आणायला आमच्या घरी पाठवलं. ती दारात आली तेव्हा मी बशी फुंकत होतो. "अवं माय! हा तं चहा पिऊन राह्यला!" ती किंचाळली. मी तसाच धावत सुटलो.

घाटावर पोहोचलो तेव्हा नाव नदीच्या मध्यावर होती. गंगाराम आणि भाऊ वल्ह्यांवर वाकलेले, आणि मध्ये साडूभाऊ, दोन्ही हातांनी नावेच्या कडा धरून ताठ बसलेले. डोळे गच्च मिटलेले. डोळे मिटून ते मला शोधत होते. "साडभाऊ! ओ साडभाऊ!" अशी त्यांची हाक पाण्याच्या आवाजातून तुटत तुटत येत होती. मी ओरडलो, सगळे ओरडले, पण त्यांना ऐकू जाईना. मग मी अक्काच्या मागे दोर धरला. अक्काने वळून पाहिलं, मला ओळखलं, आणि फक्त म्हणाली, "ओढा." त्या दिवशी मी जसा दोर ओढला, तसा आधी कधी ओढला नव्हता.

नाव लागली. साडूभाऊ उतरले. त्यांनी डोळे उघडले आणि मला पाहिलं. जवळ आले. बाजारात वांगं घेताना दाबून बघावं, तसं त्यांनी माझं मनगट दाबलं, मग दंड, मग खांदा. माझ्या सदऱ्यावरून हात फिरवला. मी घरून निघालो तोवर पाऊस ओसरला होता. "सुका हाय," ते म्हणाले. एवढंच. माझी बायको चिखलात मटकन बसली होती आणि हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नसावं. मग कोणीतरी विचारलं, "कुठी होते बे तुमी?"

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. गंगारामच्या हातांतून रक्त येत होतं. मी म्हणालो, "मी तं भाऊले सांगून गेल्तो. दुकानात पानी शिरून राह्यलं, जातो म्हनून."

सगळ्या माना साडूभाऊंकडे वळल्या. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. आणि म्हणाले, "हो. सांगलं असन. पावसात माह्या ध्यानात नाई राह्यलं." ते दगडाकडे गेले, माझ्या चपला उचलून आणल्या, माझ्या पायाशी ठेवल्या. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम त्यांनी मोडला. "घाला," म्हणाले. "मोजनी पुरी होऊ द्या."

त्या संध्याकाळी घाटावर जो चहा झाला, त्याची चव अजून गावात सांगतात. अकरा बाया आल्या, आम्ही सगळे आलो, बेट पार बुडालं पण माणूस एकही गेला नाही. लोक इतके सुटल्यासारखे हसत होते की काहीही हसण्यावारी जात होतं, आणि सगळ्यात जास्त साडूभाऊंचा विसराळूपणा. पुढे ती सवयच झाली. "भाऊ, अक्का घरी हाय ना? मोजली का?" "भाऊ, वांगी मोजून द्या बरं, तुमचं ध्यान नसते." तेही हसायचे. पण पुढच्या मृगाला, नाव पाण्यात सोडताना, ते म्हणाले, "आता मोजनी दुसऱ्यानं करा. मी दोर पाहीन." दगड एका तरुण मेंबराकडे गेला. मी त्या बैठकीत होतो. दर दसऱ्याला मी त्यांना दुकानातलं सगळ्यात भारी धोतर द्यायचो. "एवढं महाग काऊन?" ते विचारायचे, आणि मी काहीतरी पुटपुटायचो.

हळूहळू दगड गेला. म्हणजे दगड तिथेच होता. पण लोक चपला घरी ठेवून यायला लागले, कोणी नावेतच घालून बसायला लागले. साडूभाऊंनीच चूक केली तर दगडाचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारेही निघाले. मग एका भाद्रपदात नाव पुरातून परत आली, माणसं उतरली, आणि कोणीतरी सहज विचारलं, "सगळे आले काय?" कोणाला सांगता येईना. पाव तासभर काठावर आम्ही एकमेकांची तोंडं मोजत होतो, दोनदा मोजलं तर दोन आकडे आले. शेवटी सगळे सापडले, कोणाला काही झालं नाही. पण त्या पाव तासात मला स्वच्छ दिसलं की हा गोंधळ माझा आहे. पुढच्या वेळी देव असाच मदतीला येईल असं नाही.

तरीही तोंड उघडायला मला पुढचा माघ लागला. साडूभाऊंच्या नातीचा अक्षराभ्यास करायला, म्हणजे सरस्वतीपुढे पहिलं अक्षर गिरवून घ्यायला, आम्ही दोन्ही घरं बासरच्या देवळात गेलो होतो. परतताना बस नेरडीगोंड्याला चहाला थांबली. बायका बसमध्येच बसल्या. टपरीपाशी आम्ही दोघेच. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी तुमाले सांगून नोतो गेलो."

त्यांनी चहा फुंकला. "मालूम हाय."

"कवापासून?"

"तवापासूनच. मले सांगलं असतं तं मी जाऊ देल्लं असतं काय?"

"मंग तवाच बोलले काऊन नाई?"

ते रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत म्हणाले, "तुमची बायको तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. तिले नवरा वापस भेटला होता. त्याच घडीले तिच्या पदरात खोटारडा नवरा कसा टाकू?" मग आवाज खाली करून म्हणाले, "अन् मोजनी मी लोकाइच्या बोलन्यानं नाई सोडली, साडभाऊ. मानूस शोधाले गेलो अन् डोये मिटून घेतले. तुमी खरंच पान्यात असते तं मले दिसले नसते. त्याची लाज मले वाटते."

ज्या माणसाने पोहता येत नसताना माझ्यासाठी पुरात पाय टाकला, तो इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होता, आणि मी त्याला धोतरं देत होतो. मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "मले कायले सांगता? मले तं मालूमच होतं. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा. चला, बस सुटून राह्यली."

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्काले मी सांगू का तुमी?" मी म्हणालो, सगळ्यांना मीच सांगतो.

मृग लागला. नाव घाटावर आणली, नारळ फुटला. काठमंडळी करंजाखाली बसली होती. पुढे पुरुष, मागे जाळापाशी बायका. त्यांत अक्का, माझी बायको, आणि बेटावर निंदायला गेलेल्यांपैकीही कितीतरी जणी. गंगाराम आता थकला होता, त्याचा पुतण्या वल्ह्यावर बसणार होता. साडूभाऊ दोराच्या वेटोळ्यावर बसले होते, डोक्याचे केस सगळे पांढरे. मी उभा राहिलो. कापड दाखवताना माझी जीभ कातरीसारखी चालते. तिथे मात्र जे सांगायचं ते मी कसंबसं सांगितलं, जमिनीकडे पाहत, आणि खाली बसायला लागलो.

"मांगं ऐकू नाई आलं," अक्का म्हणाली.

ऐकू आलं असावं. कारण तिच्या शेजारी माझी बायको पदर तोंडाशी धरून बसली होती. पण अक्काचं बरोबर होतं. खोटं मी मोठ्याने बोललो होतो. साडूभाऊंनी मान खाली घातली होती आणि बोटाने दोराचा पीळ चाचपत होते. मी परत उभा राहिलो, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणालो,

"त्या दिवशी भाऊची मोजनी बरोबर होती. मी कोनाले न सांगता पळून गेल्तो, अन् वरून भाऊवर खोटं टाकलं. गंगाराम, तुया हाताचं रगत माह्यामुळं आलं. भाऊ, माह्यं चुकलं. मले माफ करा."